अडकित्त्यासारखं उघडणारं रिव्हॉल्व्हर

ओहायोत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला रविवारी सकाळी रेंजवर जाऊन पत्र्याचे डबे पाडायचा नाद आहे. शिकार नाही, स्पर्धा नाही. डबा उडाला की गडी खूश. त्याला एक ‘टॉप-ब्रेक’ हवं होतं, म्हणजे मधोमध मोडून उघडणारं जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर, आणि तेही खिशाला परवडेल असं. मी तिकडे गेलो होतो तेव्हा या शोधात त्याच्याबरोबर एका दुकानात अर्धा दिवस काढला.

दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक काढलं, रिकामं असल्याचं दाखवलं आणि माझ्या हातात दिलं. घोड्याच्या जरा पुढे, वरच्या अंगाला एक खटका असतो. तो सोडवून नळी खाली दाबली की नळी आणि सिलिंडर दोन्ही पुढच्या बिजागरीवर झुकतात, थेट अडकित्त्यासारखे. त्याच हालचालीत सिलिंडरच्या पोटातून चांदणीच्या आकाराची चकती वर येते, पुंगळ्यांच्या कडा उचलते आणि सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर टाकते. मग चांदणी टक्कन जागेवर बसते. मी रिकामंच चारपाच वेळा उघडलं-मिटलं. लहान मूल पेटीची कडी वाजवत बसतं तसं. भाऊ म्हणाला, “दादा, आता कळलं ना?”

ही करामत गाजवली स्मिथ अँड वेसनने, १८७० च्या ‘मॉडेल ३’मधून. कोल्टचं १८७३ चं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर सिनेमात कितीही रुबाबदार दिसलं, तरी त्यातल्या पुंगळ्या बाजूच्या झडपेतून एकेक करून ढकलून काढाव्या लागत. घोड्यावर बसलेल्या माणसाला हा उद्योग कसा जमणार? रशियाच्या झारने लाखाहून जास्त मॉडेल ३ मागवली. अमेरिकेच्या घोडदळातल्या मेजर शोफिल्डने खटका नळीवरून सांगाड्यावर आणला, म्हणजे एका हाताने उघडता यावं. इंग्रजांनी १८८७ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्लीला पसंती दिली आणि पहिल्या महायुद्धात तिचा सहावा अवतार खंदकांत लढला.

दुखणंही त्याच बिजागरीत. अखंड सांगाड्याचं रिव्हॉल्व्हर एका तुकड्याचं असतं. याचे दोन तुकडे एक खटका आणि एक खीळ यांवर तोललेले. काडतुसांचा जोर वाढत गेला तसा हा सांधा मागे पडला. सिलिंडर बाजूला झुकणारी रिव्हॉल्व्हरं आली आणि बाजार त्यांनी घेतला.

मग स्वस्तातलं सापडतं कुठे? मॅसॅच्युसेट्समधल्या दोन कारखान्यांनी, फिचबर्गच्या आयव्हर जॉन्सनने आणि वूस्टरच्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसनने, ही रिव्हॉल्व्हरं ढिगाने बनवली. खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्या दुकानांतही ती मिळत. १९०१ मध्ये बफेलोत राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर झाडलेलं रिव्हॉल्व्हर आयव्हर जॉन्सनचंच, साडेचार डॉलरला घेतलेलं. आज ते तिथल्याच संग्रहालयात आहे. ही आजही स्वस्त पडतात, पण स्वस्ताईला कारण आहे. आयव्हर जॉन्सनने धूररहित दारूसाठी आपली रिव्हॉल्व्हरं नव्याने आखली ती १९०९ मध्ये. त्याआधीची जुन्या काळ्या दारूच्या हिशेबाने घडलेली. त्यांत आजचं काडतूस घालणं म्हणजे हाताची बोटं पणाला लावणं. माझ्या मते ती भिंतीवर शोभतात.

वेब्लीचा मोह मोठा. वजनदार, खानदानी. पण अमेरिकेत आलेल्या कित्येक वेब्लींची सिलिंडरं मागून तासली आहेत, सहज मिळणारं .४५ एसीपी काडतूस बसावं म्हणून. ते बसतं, पण कारखान्यातून निघताना त्या वेब्लीची जी चाचणी घेतली होती, तिच्या आसपासचा किंवा वरचाच दाब प्रत्येक बाराला देतं. इंग्रजांच्याच एन्फिल्ड कारखान्याचं १९३२ चं .३८ त्यापेक्षा सोसणारं. त्यातल्या अनेकांच्या घोड्याला अंगठा टेकवायची जीभच नाही, कारण रणगाड्यात ती अडकायची. म्हणून दरवेळी चाप लांब आणि जड ओढावा लागतो. शिवाय त्याला लागणारं .३८ एस अँड डब्ल्यू काडतूस आता मोजकेच बनवतात. .३८ स्पेशल वेगळं, ते यात चालत नाही. रिव्हॉल्व्हर स्वस्त आणि काडतूस महाग, म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. इटलीत बनणाऱ्या शोफिल्डच्या नकला सुरेख, पण हजार डॉलरच्या वर.

दुकानदाराने शेवटी काढलं ते हॅरिंग्टन अँड रिचर्डसनचं ‘९९९ स्पोर्ट्समन’. .२२ बोअर, सहा नव्हे तर नऊ गोळ्या. काडतूस सगळ्यात स्वस्त, धक्का कमी, त्यामुळे बिजागरीवरही फारसा ताण नाही. मूळ कंपनी १९८६ मध्ये बंद पडली, तरी जुना माल फिरत असतो. दुकानदाराने नळी आणि सांगाडा दोन हातांत धरून हलवून दाखवलं: खटक्यापाशी खडखड आली तर घ्यायचं नाही. हे हललं नाही.

गाडीत बसल्यावर मी भावाला सांगितलं की टॉप-ब्रेक आपल्याकडे कानपूरला आजही नवं कोरं बनतं. सरकारी आयुध निर्माणीचं .३२ हे वेब्लीच्याच वंशातलं. सैन्यात चालणारे .३८ सारखे बोअर आपल्याकडे नागरिकांना मना, म्हणून .३२. त्याची काडतुसं पुण्यातल्या खडकीची. त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असतात. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं, पाचशे ग्रॅमचं, तेही असंच मोडून उघडणारं. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती, वर परवान्यासाठी हेलपाटे.

“सव्वा लाख?” त्याने मनातल्या मनात डॉलर केले. “आणि त्याने डबे पाडायचे?”

“डबे पाडायला परवाना देतंय कोण?”

तो हसला, मागच्या सीटवरच्या कुलूपबंद पेटीकडे एकदा बघून घेतलं आणि वाटेत .२२ च्या काडतुसांचं खोकं घ्यायला गाडी वळवली.