फोटो काढणं हे पाव काम: फोटोग्राफीच्या धंद्यातले चार टप्पे आणि माझी एक महागडी चूक

फोटोग्राफीच्या धंद्यावरचा व्हिडिओ केल्यापासून सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "सर, कॅमेरा कुठला घेऊ?" पालघर, बोईसर, डहाणूकडची बरीच मुलं हा धंदा सुरू करायच्या विचारात आहेत, आणि विचार चांगला आहे. आपल्याकडे लग्नं आहेत, केळवा-शिरगावच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंग चालतं, आणि तारापूर एमआयडीसीत कारखान्यांची कामं असतात. पण कॅमेऱ्याचा प्रश्न आज बाजूला ठेवतो. माझं बोईसरला फोटो आणि प्रिंटिंगचं दुकान आहे, आणि त्यात मी जे सगळ्यात उशिरा शिकलो ते आज सांगणार आहे.

फोटोच्या धंद्यात चार टप्पे असतात: काढणं, एडिट करणं, सांभाळणं आणि छापणं. नवीन माणूस पहिल्या टप्प्यावर सगळे पैसे घालतो आणि तिसरा विसरतो. मीही विसरलो होतो.

माझी चूक आधी ऐका

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात पालघर तालुक्यातल्या एका गावातलं लग्न केलं. हळद, लग्न, पूजा असं सगळं. दुसऱ्याच दिवशी पुढची ऑर्डर होती, म्हणून रात्री कार्डवरचे फोटो एका हार्ड डिस्कवर टाकले आणि कार्ड फॉरमॅट करून टाकली. फोटो एकाच ठिकाणी राहिले. दहाव्या दिवशी एडिटिंग चालू असताना पाय वायरीत अडकला आणि डिस्क टेबलावरून खाली पडली.

डेटा रिकव्हरीला दिली. लग्नाचे बरेच फोटो मिळाले, पण हळद पूर्ण गेली. मी नवरीच्या वडिलांकडे जाऊन हात जोडले आणि पैसे परत देऊ केले. ते एवढंच म्हणाले, "अहो, पैसे घेऊन काय करू मी?"

तीन महिन्यांनी नवरीचा धाकटा भाऊ दुकानात आला. आजोबा गेले होते. हळदीत आजोबा नातीला हळद लावताना हसत होते, तो फोटो त्यांना हार घालायला हवा होता. "दादा, एक तरी सापडेल ना?" नाही सापडला. शेवटी कुणा पाहुण्याच्या मोबाईलमधला अंधारातला फोटो मोठा करून दिला. चेहरा नीट ओळखूही येत नव्हता. तो फोटो त्यांच्या घरात भिंतीवर आहे आणि त्या घरावरून जाताना मी आजही मान खाली घालतो.

म्हणून सांगतो, गिऱ्हाईक आपल्याला बटण दाबायचे पैसे देत नाही. हवा तेव्हा फोटो हातात मिळावा, याचे पैसे देतो. आता चारही टप्पे एकेक करून बघू.

१. काढणं: जायच्या आधीच अर्धं काम करा

लग्न असेल तर घरच्यांशी बसून यादी करा. कोणते विधी, कोणती माणसं चुकवायची नाहीत, घरात वयस्कर कोण आहे. वयस्कर माणसांचा एकेक स्वतंत्र, साधा, समोरून चेहरा दिसणारा फोटो घ्याच. का, ते आता तुम्हाला कळलं असेल.

फोटो रॉ फाईलमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठतात. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४ छटांची जागा असते. हळदीला पिवळा मांडव, पिवळे कपडे आणि वर एलईडीचे जांभळे दिवे असतात. अशा प्रकाशात चेहऱ्याचा रंग बिघडला तर रॉमधून तो बराच सावरता येतो, जेपेगमधून फार कमी. परवडत असेल तर दोन कार्ड बसणारा कॅमेरा घ्या आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो जाऊ द्या. दोन फोटोग्राफर असतील तर दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं आधी जुळवून घ्या, नाहीतर नंतर फोटो क्रमाने लावताना डोकं फिरतं.

एमआयडीसीचं काम वेगळं असतं. चकचकीत स्टीलच्या पार्टवर फ्लॅश थेट मारला तर पांढरा डाग येतो. दिवा पांढऱ्या कापडाआडून द्या आणि रंग बरोबर यावा म्हणून पहिल्या फोटोत ग्रे कार्ड ठेवा. कारखान्यात काय काढायचं आणि काय नाही, हे लेखी घ्या. मागे दिसणारं दुसऱ्या कंपनीचं ड्रॉइंग फोटोत आलं तर ती कंपनी तुम्हाला परत बोलावणार नाही. आणखी एक, आपल्याकडे तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे. त्या परिसरात कॅमेरा किंवा ड्रोन काढायचा विचारही करू नका. इतर ठिकाणी ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर तो भाग कुठल्या रंगात आहे ते बघा.

२. एडिटिंग: आधी निवड, मग रंग

दोन दिवसांच्या लग्नात सहज २,५०० फोटो निघतात. सगळे एडिट करायला बसलात तर महिना जाईल. आधी डोळे मिटलेले, हललेले आणि तेच-तेच फोटो बाजूला करा. चारशे-पाचशे ठेवा आणि रंगाचं काम तेवढ्यांवरच करा.

नवीन मुलांच्या दोन चुका मी नेहमी बघतो. पहिली म्हणजे मॉनिटरचा उजेड फुल ठेवतात. स्क्रीनवर फोटो झकास दिसतो, पण प्रिंट काळपट येते आणि शिव्या लॅबवाल्याला. स्क्रीनचा उजेड कमी करा, एक चार बाय सहाची टेस्ट प्रिंट काढा आणि स्क्रीनशेजारी धरून बघा. दुसरी चूक म्हणजे चेहरे गोरे करतात. एक आई अल्बम बघून मला म्हणाली होती, "भाऊ, फोटो छान आहे, पण ही आमची पोरगी नाही वाटत." तेव्हापासून पिंपल काढतो, रंग बदलत नाही.

आणि दुरुस्तीच्या फेऱ्या ठरवून घ्या. दोन फेऱ्या फुकट, तिसरीचे पैसे. हे आधी सांगितलं तर कुणी रागावत नाही, नंतर सांगितलं की भांडण होतं.

३. सांभाळणं: इथेच धंदा तरतो किंवा बुडतो

पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला एक साधा नियम आहे: तीन-दोन-एक. फोटोच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी. म्हणजे एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर. क्लाउडला नेट पुरत नसेल तर तिसरी डिस्क घरी नेऊन ठेवा.

"दुसऱ्या जागी" हा शब्द हलक्यात घेऊ नका. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या स्टुडिओंच्या चित्रपटांची मूळ रीळं जळाली. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर काढून ठेवलेल्या होत्या, ते चित्रपट आपल्याला आजही बघता येतात. आणि भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची एकही पूर्ण प्रत आज सापडत नाही. एवढ्या मोठ्या चित्रपटाची ही गत, तर आपल्या दुकानातल्या एका डिस्कचं काय? आपल्या जिल्ह्यात तर पाणी आहेच. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येऊन लोकल बंद पडल्या होत्या, आठवत असेल. तळमजल्यावरच्या दुकानात तिन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर त्या तीन प्रती नव्हेत, एकच प्रत आहे असं समजा.

आता हिशेब करू. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाईल साधारण २८ एमबी धरा. २,५०० फोटोंचे ७० जीबी. एडिट केलेल्या फाईली आणि अल्बम मिळून १०० जीबी धरू. समजा २ टीबीची डिस्क तुम्हाला ६,००० रुपयांना पडली, तर तिच्यात २० लग्नं बसतात. म्हणजे एका प्रतीचा खर्च ३०० रुपये. जादा दोन प्रतींचे ६००. हे ६०० रुपये कोटेशनमध्येच धरा. मी ते वाचवले होते आणि एका घराची हळद घालवली.

रोजचे नियम असे ठेवा:

- दोन ठिकाणी कॉपी होऊन, उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.
- फोल्डरचं नाव एकाच पद्धतीचं: आधी वर्ष, महिना, दिवस, मग आडनाव, मग कार्यक्रम. पाच वर्षांनी कुणी आलं तरी मिनिटभरात सापडतं.
- दर दोन-तीन महिन्यांनी जुन्या डिस्क लावून फोटो उघडून बघा.
- फोटो किती दिवस सांभाळणार हे बिलावर लिहा. मी दोन वर्षं लिहितो, आणि पुसायच्या आधी फोन करतो.

कॅमेराही सांभाळायचा असतो. आपली हवा खारी आणि पावसाळ्यात दमट. लेन्स बॅगेत तशीच राहिली की आत बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. किनाऱ्यावर शूट केलंत तर त्याच रात्री कॅमेरा ओलसर, मग कोरड्या कापडाने पुसा.

४. छापणं: इंच गुणिले ३००

चांगल्या प्रिंटला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. म्हणून इंचाला ३०० ने गुणायचं. चार बाय सहाला १,२०० बाय १,८०० पिक्सेल. बारा बाय छत्तीसच्या अल्बम शीटला ३,६०० बाय १०,८००. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६,००० बाय ४,००० असतो, म्हणजे वीस बाय तेरा इंचापर्यंत आरामात जातो. भिंतीवरचा मोठा फोटो लांबून बघतात, तिथे इंचाला १५० पिक्सेलही चालतात.

गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून "मोठा करून द्या" म्हणतं. तसा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, म्हणून त्यांना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. लॅबला फाईल एसआरजीबी रंगात द्या. अल्बममध्ये चेहरे घडीवर आणि कडेच्या अर्ध्या इंचात येऊ देऊ नका, तिथे कटिंग होतं. आणि अल्बम छापायच्या आधी नावं आणि तारीख घरच्यांकडून लेखी ओके करून घ्या.

एक कायद्याची गोष्ट

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तुम्ही नाही. म्हणून लग्नाचे फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर ऑर्डर फॉर्मवर तशी एक ओळ ठेवा आणि सही घ्या. नाही म्हणाले तर नाही टाकायचे.

आजचं काम

वाचून सोडून देऊ नका. आज रात्री तीनच गोष्टी करा. तुमच्या शेवटच्या ऑर्डरचे फोटो किती ठिकाणी आहेत ते मोजा. एकच ठिकाण असेल तर झोपायच्या आधी दुसरी प्रत काढा. आणि तुमच्या कोटेशनमध्ये "बॅकअप" नावाची एक ओळ वाढवा.

कॅमेरा कुठला घ्यायचा, ते पुढच्या व्हिडिओत सांगतो. पण आधी डिस्क घ्या.