आडनावावरून मत कळत नाही

निवडणूक जाहीर झाली की धरणगावात उमेदवारांच्या आधी आकडे फिरू लागतात. अमक्या समाजाची एवढी हजार मतं, तमकं गाव एकगठ्ठा, म्हणजे सीट पक्की. सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की हे आकडे आणले कुठून, असं विचारायचं कुणाला सुचत नाही.

सरकारी कागदातून तर ते आलेले नसतात. मतदार यादीत नाव, वय, नातेवाइकाचं नाव, घर क्रमांक असतो. जात नसते, धर्म नसतो. सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना १९३१ ची. त्यानंतर अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर जातवार मोजणीचे आकडे जनगणनेतून आलेलेच नाहीत. मग कार्यकर्ते यादी पुढ्यात घेऊन आडनावांवर खुणा करत बसतात. खानदेशात ही पद्धत फारच फसवी. पाटील मराठा असतात, लेवा असतात, गुजरही असतात. चौधरी तेली की लेवा, महाजन माळी की गुजर, हे यादी सांगत नाही. गावातला माणूस घरन् घर ओळखतो, तिथवर ठीक. तालुक्याची बेरीज मात्र अंदाजच असते, आणि प्रत्येक गटाची बेरीज स्वतःपुरती थोडी फुगलेली असते.

समजा, आकडे खरे निघाले, तरी निकाल ठरतो का? २००९ च्या विधानसभा निवडणुकीपासून धरणगाव तालुका जळगाव ग्रामीण मतदारसंघात आहे. त्या वर्षी राष्ट्रवादीच्या गुलाबराव देवकरांनी शिवसेनेच्या गुलाबराव पाटलांना हरवलं. २०२४ मध्ये पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले आणि पाटील सुमारे ५९ हजार मतांनी निवडून आले. मधल्या पंधरा वर्षांत तालुक्यातल्या समाजांचं प्रमाण काही उलटंपालटं झालं नव्हतं. दोन्ही पक्ष मात्र फुटले होते, आघाड्या बदलल्या होत्या, आणि विरोधी बाकावरचा पाटलांचा पक्ष सत्तेत येऊन ते मंत्री झाले होते. लोकसंख्या तीच राहून निकाल फिरतो, याचा याहून जवळचा दाखला धरणगावकरांना शोधावा लागणार नाही.

‘बूथचे आकडे आले की कोणी कुणाला दिलं ते कळतंच,’ असं म्हणणारेही भेटतात. नमुना २० मध्ये बूथनिहाय मतं जाहीर होतात, हे खरं. पण एखाद्या बूथवर एका समाजाचे साठ टक्के मतदार आहेत आणि एका उमेदवाराला साठ टक्के मतं पडली, म्हणजे ती साठ टक्के माणसं तीच, असं सिद्ध होत नाही. त्या समाजातल्या निम्म्यांनी आणि उरलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांनी दिली, तरी बेरीज साठच येते. निकालानंतर ‘तुमच्या गल्लीने धोका दिला’ म्हणून होणारी भांडणं बहुधा अशाच कच्च्या गणितावर उभी असतात.

शिकलेले जास्त मतदान करतात, हा समज तर खानदेशातच मोडीत निघतो. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात साक्षरता ७८ टक्के, आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये ६४. २०२४ च्या लोकसभेला नंदुरबार मतदारसंघात ७० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. जळगावात साठीही गाठली नाही, आणि साक्षरतेत पुढे असलेलं पुणे त्याच्याही मागे राहिलं. माझ्या मते इथे शाळेपेक्षा वस्तीचा प्रश्न मोठा. पाड्यावर कोण आलं, कोण नाही हे सगळ्यांना दिसतं. शहरात भाडेकरू घर बदलतो आणि नाव जुन्याच पत्त्यावर राहतं.

इथेच टक्केवारीची गोम आहे. ती यादीतल्या नावांवर काढतात, गावात हजर असलेल्यांवर नाही. धरणगाव जळगाव-उधना रेल्वेमार्गावर आहे आणि या मार्गाने खानदेशातली कित्येक घरं सुरतेला गेली. उधना, लिंबायत भागात खानदेशी वस्ती एवढी दाट आहे की तिचा विचार केल्याशिवाय तिथलं राजकारण होत नाही. ते भाग ज्या नवसारी मतदारसंघात येतात, तिथले खासदार सी. आर. पाटील जन्माने जळगाव जिल्ह्यातलेच. जे तिकडे गेले पण ज्यांचं नाव इकडेच राहिलं, ते मतदानाला आले नाहीत की टक्का घसरतो आणि आपण म्हणतो, ‘लोक उदासीन झाले.’ मतदानाला भरपगारी सुटी द्यावी असा कायदा आहे, पण सुटी एका दिवसाची. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली दुसरी पाळी त्यात बसत नाही. गावात राहिलेल्यांचीही ओढाताण असतेच. लोकसभेचं मतदान १३ मे २०२४ ला भर उन्हात झालं. विधानसभेचं २० नोव्हेंबरला, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत.

बायका कमी मतदान करतात, हेही आता सवयीने बोललं जातं. २०२४ च्या विधानसभेला राज्यात पुरुष आणि स्त्रियांच्या टक्केवारीत दोन टक्क्यांचंही अंतर नव्हतं. बायकांची मतं संख्येने कमी भरतात, कारण यादीतच त्या कमी आहेत. २०११ मध्ये जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८५० हून कमी होत्या. ती मुलं २०२२ पासून अठरा वर्षांची होऊ लागली आहेत. त्यामुळे नवमतदारांमध्ये मुली कमी दिसल्या, तर सगळा दोष नोंदणीच्या आळसाला देता येणार नाही.