पोटाचा घेर, डोक्याला ताप आणि हृदयाचा ताल

निरोगी हृदयाचे ठोके एकसारख्या अंतराने पडत नाहीत! श्वास आत घेताना ते किंचित घाई करतात, सोडताना रेंगाळतात. नाडी मिनिटाला ७० भरली, तरी दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडंथोडं बदलत असतं. या चढउताराला डॉक्टर ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’ म्हणतात, थोडक्यात एचआरव्ही. साधारणपणे तो चांगला असेल, तर हृदय बदलत्या परिस्थितीशी पटकन जुळवून घेतं.

हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर तरुण माणसात ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके टाकेल. मेंदूकडून मानेतून खाली उतरणारी व्हेगस नस त्याला लगाम घालते, म्हणून बसल्या जागी नाडी साठ-सत्तरच्या घरात राहते. हा लगाम रासायनिक आहे, हे ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी १९२१ साली दाखवलं. प्रयोगाची कल्पना झोपेत सुचली, असं ते स्वतः सांगत. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस त्यांनी चेतवली, ठोके मंदावले. त्या हृदयातला द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून नोबेल मिळालं.

वजन फार वाढलं की हा लगाम सैल पडतो. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन, रक्तात वाढलेलं इन्शुलिन, झोपेत अडकणारा श्वास, सगळे मिळून ‘लढा किंवा पळा’वाल्या सिम्पथेटिक नसांना चिथावतात. माणूस आरामखुर्चीत असतो, पण नाडी आधीच चढलेली आणि एचआरव्ही उतरलेला.

अशा हृदयावर मानसिक ताण आला तर? ताण प्रयोगशाळेत आणायचा कसा, याचीही युक्ती आहे. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाच्या १९९३ सालच्या चाचणीत निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे भाषण करायचं आणि मग १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं, तेही मोठ्याने. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून! नुसतं वाचूनही छातीत धडधडतं.

लठ्ठ माणसाचं हृदय अशा वेळी जास्तच उसळेल, असं कुणालाही वाटेल. पण पश्चिम स्कॉटलंडमधल्या मोठ्या अभ्यासात तोंडी बेरजांच्या ताणाखाली लठ्ठ व्यक्तींची नाडी इतरांपेक्षा कमी वाढली. हा शांतपणा समजू नका. गरज पडल्यावर प्रतिसाद देण्याची ताकदच मंदावल्याची ती खूण असू शकते. सगळ्या अभ्यासांचं यावर एकमत नाही, आणि म्हणूनच हा विषय इतका रंजक आहे.

ताल बिघडण्याचा एक प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि लकव्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एका अंकाने वाढला की एट्रियल फिब्रिलेशनचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आपल्याकडे तर बीएमआय २५ झाला तरी लठ्ठपणा धरतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

मात्र सैल पडलेला लगाम पुन्हा घट्ट होतो! वजन उतरलं की एचआरव्ही सुधारतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या २०१५ सालच्या अभ्यासात एट्रियल फिब्रिलेशनच्या ज्या रुग्णांनी वजन १० टक्के किंवा जास्त उतरवलं, त्यांची या त्रासातून मोकळं राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. जपाचीही गंमत ऐका. ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणताना किंवा रोझरी ही ख्रिस्ती माळ जपताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाचा ताल सुधारतो, असं इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं.

वजनावरून मारलेला टोमणा हासुद्धा ताणच असतो. घरातल्या जाड पोराला जेवताना टोचून बोलणं आजपासून बंद करा, त्याच्यासोबत चालायला निघा. आणि धडधडीबरोबर चक्कर आली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर वाट न पाहता दवाखाना गाठून ईसीजी काढा.