दुधाचे सांडपाणी आणि ते खाणारे जिवाणू

हा धडा शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : दूध तर आपण पितो, मग डेअरीचं पाणी नदीत गेलं तर बिघडलं कुठे? ते काय विष आहे?

प्रश्न रास्त आहे. दूध विष नाहीच. अडचण अशी, की ते पाण्यातल्या जिवाणूंनाही आवडतं. ते त्यावर तुटून पडतात, भराभर वाढतात आणि श्वसनासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. सेंद्रिय पदार्थांच्या विघटनासाठी जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, हे 'जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी' म्हणजेच बीओडी या मापाने सांगतात. घरगुती सांडपाण्याची बीओडी लिटरला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असते. पनीर काढल्यावर उरणाऱ्या पाण्याची 30,000 च्या वर आणि दुधाची तर सुमारे 1 लाख! नदीच्या स्वच्छ पाण्यात मात्र लिटरमागे ऑक्सिजन असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. आता भागाकार करून बघा. एक लिटर दूध साडेबारा हजार लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतं! हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो, पण तेवढ्या वेगाने नाही. मासे मरतात ते गुदमरून.

मग उपाय? जिवाणूंची हीच मेजवानी नदीऐवजी टाकीत उरकायची.

आधी पाण्यावर तरंगणारे स्निग्ध पदार्थ काढून घेतात. मग पाणी बंद टाकीत जातं. इथे हवा नसते. काही जिवाणू लॅक्टोजपासून आम्लं बनवतात आणि त्या आम्लांपासून पुढे दुसरे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. हा वायू बॉयलरला जाळता येतो. पण मिथेन बनवणारे फार नाजूक. आम्ल साठून सामू 6.5 च्या खाली घसरला की त्यांचं काम मंदावतं, आणि दूध किती पटकन आंबतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून सामूवर सतत लक्ष ठेवावं लागतं. अशी टाकी सुरू करताना पुष्कळदा शेणकाला घालतात, कारण हे सूक्ष्मजीव गुरांच्या पोटात आयतेच असतात.

उरलेलं पाणी उघड्या टाकीत येतं. तिथे पंपाने हवा सोडतात. ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू उरलेलं अन्न खाऊन पुंजके करतात आणि पुढच्या टाकीत ते पुंजके तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी बाहेर. तळाच्या जिवंत गाळातला काही भाग पुन्हा हवेच्या टाकीत घालतात, अगदी कालच्या दह्यातलं चमचाभर विरजणाला ठेवतो तसं. ही पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 मध्ये मँचेस्टरला मांडली.

नदीत सोडायच्या पाण्याची बीओडी मर्यादा आपल्याकडे सर्वसाधारणपणे लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. ती गाठायची तर टाकीतले जीव जिवंत हवेत. यंत्रं धुतलेला कॉस्टिक सोडा एकदम आत आला, तर ते मरतात. आणि वीज जाऊन हवेचा पंप बराच वेळ बंद राहिला, तर टाकीचं पाणी काळं पडून कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो.