जखमी घोड्याचे घरगुती पुनर्वसन : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

घोड नदी आणि घोडेगाव ही नावे पाहून या परिसराचे नाते अश्वाशी जोडण्याचा मोह कोणासही होईल. व्युत्पत्तीच्या त्या वाटेला न जाताही असे म्हणता येते की, ट्रॅक्टर आणि दुचाकीच्या काळातही जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून घोडा पूर्णतः हद्दपार झालेला नाही. गावयात्रांतील बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे धावणारी घोडी आणि मेंढपाळांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारे ओझ्याचे घोडे ही त्याची आजची दोन प्रमुख रूपे होत. भीमेच्या खोऱ्यातील काटक ‘भीमथडी’ घोड्याची कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तीही मुख्यतः अशा पशुपालकांनी हा घोडा टिकवून ठेवल्यामुळेच.

बैलगाडा शर्यतीवर गेल्या काही वर्षांत पुष्कळ चर्चा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींना मनाई केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारणा कायदा वैध ठरविला. या साऱ्या वादात केंद्रस्थानी बैल होता. त्याच्यापुढे घाटात चढावर भरधाव सुटणाऱ्या घोडीचा विचार फारसा झाला नाही. ती जायबंदी झाली तर तिचे पुढे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अश्वांसाठी सुसज्ज रुग्णालय या दोन्ही तालुक्यांत नाही; परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १८८६) किंवा शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय दूर पडते. म्हणून गावचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि मालकाचे घर हेच अशा जनावराचे रुग्णालय ठरते. औषध पशुवैद्य देतो. उरलेले महिने घरच्यांना काढावे लागतात. प्रस्तुत लेखकाच्या मते घरगुती पुनर्वसन फसते ते बहुधा औषधाच्या अभावी नव्हे, तर काळाच्या हिशेबात चूक झाल्यामुळे.

दुखापतीचे स्वरूप

धावणाऱ्या घोड्याच्या पुढच्या पायात, नळीच्या हाडामागे, ज्या कंडरा असतात (बोलीत त्यांना ‘शीर’ म्हणतात) त्यांवर सर्वाधिक ताण येतो. भरधाव दौडीत ही कंडरा आपल्या सहनशक्तीच्या कडेला जाऊन काम करते. प्रत्येक टापेसरशी ताणली जाऊन ती पुन्हा आखडते आणि या क्रियेत तिच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. ती तुटली वा फाटली की तेथे प्रथम सूज येते, मग घाईघाईने नवे तंतू भरले जातात. हे तंतू मूळच्या तंतूंसारखे सरळ, समांतर व लवचीक नसतात. त्यांची फेरमांडणी होण्यास नऊ महिन्यांपासून वर्षभराचा, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. सूज मात्र तीन-चार आठवड्यांत ओसरते. घोडी लंगडायची थांबते आणि मालकास ती बरी झाली असे वाटते. खरा धोका येथेच आहे. बाहेरून बऱ्या दिसणाऱ्या आणि आतून कच्च्या असलेल्या शिरेवर पुन्हा दौड झाली, तर दुसरी दुखापत पहिलीपेक्षा गंभीर होते.

ओझ्याच्या घोड्याची दुखणी वेगळी असतात. पाठ लागणे, म्हणजे खोगिराखाली किंवा ओझ्याच्या दोरीखाली कातडे सोलवटणे, हे सर्वांत नेहमीचे. त्यावर ओझे उतरविण्याखेरीज दुसरा खरा उपाय नाही. बाभळीचा काटा वा खिळा टापेत शिरणे दिसायला किरकोळ, पण परिणामी घातक ठरू शकते. कारण पाळीव जनावरांत धनुर्वाताला सर्वाधिक बळी पडणारा प्राणी घोडाच आहे. लहानशा टोचीव जखमेनंतरही धनुर्वाताची लस पूर्वी केव्हा टोचली होती, हे पशुवैद्यास सांगणे आवश्यक असते. गुडघ्याखालच्या जखमांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तेथे स्नायूंचे आच्छादन नसते, कातडी ताणलेली असते आणि हालचाल सतत चालू असते. त्यामुळे मांसांकुरांची अतिवाढ होऊन जखम कातडीच्या वर फुगून येते. अशा जखमेवर मोरचूद किंवा चुना लावल्यास वरचे मांस जळते, तसेच कडेने सरकणारी नवी कातडीही जळते आणि जखम महिनोन्‌महिने उघडी राहते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून धुणे व स्वच्छ कापसाच्या थराची पट्टी बांधणे हेच प्रथमोपचारात पुरेसे आहे. पावसाळ्यात माश्या बसून किडे पडतात, म्हणून पट्टी रोज उघडून पाहावी लागते.

लांब हाड पूर्ण मोडले असेल तर घरगुती पुनर्वसनाचा प्रश्न बहुधा उरत नाही. घोडा फार काळ आडवा पडून राहू शकत नाही. तीन पायांवर उभा राहिला तर निकोप पायाच्या टापेतील पटल सुजून तोही पाय निकामी होतो. अशा प्रसंगी पशुवैद्याच्या हातून वेदनामुक्त मरण देणे हीच दया होय. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमातही असाध्य यातना भोगणाऱ्या जनावरासाठी तशी तरतूद आहे. जखमी जनावरास कामास जुंपणे किंवा ते उपाशी मरेल अशा रीतीने सोडून देणे हा मात्र त्याच कायद्यान्वये अपराध आहे.

तबेला आणि चंदी

विश्रांती म्हणजे दावणीला आखूड बांधून ठेवणे नव्हे. घोडीला वळता येईल, बसता-उठता येईल एवढी बंदिस्त जागा, खाली कोरड्या भुशाचा वा गवताचा जाड थर आणि समोर चोवीस तास पाणी एवढे तरी हवे. जुन्नर वनविभागाच्या हद्दीत, विशेषतः उसाच्या पट्ट्यात, बिबट्याचा वावर सर्वश्रुत आहे. लंगडे, बांधलेले जनावर पळू शकत नाही. म्हणून रात्री दार लागेल आणि वरून छप्पर असेल असा गोठा ही येथे चैन नसून उपचाराचाच भाग आहे.

काम थांबले की चंदी उतरविली पाहिजे. जखमी जनावराला ताकद यावी म्हणून घरचे लोक प्रेमाने हरभरा, गूळ, बाजरीची भाकरी वाढवितात; हे प्रेम टापांना सोसत नाही. धान्य व साखर जास्त झाल्यास टापेतील पटलाचा दाह होतो. मुख्य आहार गवत व भिजविलेला कडबा हाच असावा. कोरडा कडबा, थोडे पाणी आणि हालचालीचा अभाव हे तिन्ही एकत्र आले की आतड्यात गठ्ठा बसून पोटशूळ उठतो. दिवसभर लीद पडली नाही, घोडी पोटाकडे वळून पाहू लागली किंवा लोळू लागली तर पायाचे दुखणे बाजूला ठेवून पशुवैद्यास बोलवावे.

या भागापुरती एक सूचना महत्त्वाची वाटते. जुन्नर-आंबेगाव हा कांदा, बटाटा व टोमॅटोचा मुलूख आहे. निवडीतला खराब कांदा, हिरवे पडलेले बटाटे, टोमॅटोची उपटलेली झाडे गोठ्याशेजारी टाकली जातात. कांद्याने घोड्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो. हिरवा बटाटा व टोमॅटोचा पाला विषारी असतो. मोकळा घोडा निवडून खातो, कोंडलेला घोडा कंटाळून समोर असेल ते खातो.

रोजचे निरीक्षण कोणत्याही महागड्या यंत्राविना होऊ शकते. विश्रांतीत प्रौढ घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश असते. घरातील शाळकरी मूलसुद्धा या नोंदी वहीत ठेवू शकते आणि पशुवैद्यास तोंडी वर्णनापेक्षा ती वही अधिक उपयोगी पडते.

काळाचा हिशेब

कंडरेच्या दुखापतीत पहिल्या काही दिवसांत दिवसातून दोन-तीन वेळा वीस मिनिटे गार पाण्याची धार, आधाराची पट्टी व पूर्ण विश्रांती द्यावी. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप यास पुरेसा होतो. सुमारे तीन आठवड्यांनी, पशुवैद्याच्या संमतीने, हातात लगाम धरून सपाट व कठीण जमिनीवर दहा मिनिटे चालविण्यास प्रारंभ करावा आणि दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत. नव्या तंतूंना योग्य दिशा मिळते ती या मोजक्या ताणामुळेच. म्हणून संपूर्ण विश्रांती लांबविणे हेही हितावह नाही. दुडकी चाल चार-पाच महिन्यांनंतर, मध्यम दौड आठ महिन्यांनंतर आणि भरधाव दौड दहा ते बारा महिन्यांनंतर. शक्य असल्यास प्रत्येक टप्प्यापूर्वी सोनोग्राफी करावी. ती नसेल तर दोन्ही पायांच्या नळीमागे बोटे फिरवून उष्णता व जाडी यांची तुलना करावी, आणि फरक जाणवताच एक टप्पा मागे यावे.

हे वेळापत्रक गावच्या पंचांगावर ठेवून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास जायबंदी झालेल्या घोडीचे चालणे वैशाखात सुरू होते, दुडकी चाल श्रावण-भाद्रपदात, मध्यम दौड मार्गशीर्षात आणि भरधाव दौड माघानंतर. म्हणजे पुढच्या चैत्रातील यात्रांपर्यंत ती उभी राहू शकते; मधला बराचसा काळ तसाही पावसाचा व शेतीकामाचा असतो. घात होतो तो दोन ठिकाणी. एक, वैशाखातल्या उरलेल्या यात्रांसाठी घोडी वेदनाशामक टोचून घाटात उतरविली जाते. वेदना हा तिचा एकमेव पहारेकरी असतो, त्यालाच झोपविले जाते. (वेदनाशामकांच्या बाबतीत आणखी एक भान हवे : गिधाडांच्या विनाशास कारण ठरल्यामुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये, तर किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली आहे.) दोन, तालुक्यांच्या पश्चिमेकडील गावांत आषाढ-श्रावणात चिखल एवढा असतो की चालविणे बंदच पडते, चिखलात पाय ओढताना शिरेवर ताणही येतो. तेथे डांबरी सडकेवर, वर्दळ नसताना, पहाटे चालविणे हाच मार्ग.

मेंढपाळाकडे मात्र हे पंचांग जुळत नाही. वाडा थांबत नाही आणि मेंढरांबरोबर चालणे हेच घोड्याचे काम असते. मेंढ्या शेतात बसविण्यासाठी ज्या शेतकऱ्याशी दरवर्षीचा संबंध असतो, त्याच्याकडे जखमी घोडा चाऱ्याच्या मोबदल्यात काही महिने ठेवता येईल का, हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. मेंढ्यांच्या लेंडीखताचा हिशेब जसा आधी ठरतो, तसाच हाही ठरू शकेल. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावरील फिरत्या पथकाची मदत वाटेवरच्या वाड्यालाही घेता येते.

वर्षानंतरही जी घोडी दौडीस योग्य होत नाही, तिच्यासाठी विक्री हा एकच मार्ग उरतो असे नाही. चालण्यास निर्दोष असेल तर ती हलके ओझे वाहू शकते, आणि वय अनुकूल असेल तर पैदाशीसाठी ठेवता येते. गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो व अखेरच्या तीन महिन्यांत वजन झपाट्याने वाढते. तो भार दुखऱ्या पायास पेलेल की नाही हे फळविण्यापूर्वीच पशुवैद्याकडून तपासून घ्यावे लागते.