वळणावर घरघरणारी पिकअप

पिकअप सरळ रस्त्याला गुमान चालते आणि स्टेअरिंग फिरवलं की खालून घरघर सुरू होते. मग गाडी बघायच्या आधीच निदान तयार असतं: ‘जॉइंट गेलाय, बदलून टाका.’ लासलगावला कांदा किंवा नारायणगावला टोमॅटो पोचवणाऱ्याला गाडी उभी ठेवणं परवडत नाही, तो मुकाट्याने पैसे मोजतो. पार्ट नवा येतो, आवाज मात्र जुनाच राहतो. खरं तर आवाज नेमका कधी येतो, हे दहा मिनिटं तपासलं तर निम्मे संशयित तिथेच सुटतात.

आधी या ‘जॉइंट’चं बघू. सीव्ही जॉइंट असतो पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांत, म्हणजे बहुतेक छोट्या कारमध्ये, आणि काही फोर बाय फोरमध्ये. आपल्याकडच्या बहुसंख्य मालवाहू पिकअपचा जोर मागच्या चाकांवर असतो. त्यांच्या पुढच्या चाकांत हा जॉइंट नसतोच, मग तो जाणार कुठून? शिवाय झिजलेला सीव्ही जॉइंट वळताना बहुधा कट-कट-कट वाजतो. घरघर ही त्याची भाषा नव्हे.

घरघरीचा पहिला संशयित चाकाचं बेअरिंग, आणि तिथेही एक गैरसमज पक्का बसलेला आहे: डावीकडे वळताना आवाज येतो, म्हणजे डावं चाक. बहुतेक वेळा होतं उलट. डावीकडे वळताना गाडीचा भार उजवीकडे जातो आणि उजवं बेअरिंग दाबाखाली येऊन ओरडतं. मात्र हा अंदाज झाला. खात्री जॅकवरच होते. गाडी उचलून खाली भक्कम स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटखट थांबली तर बेअरिंग. तशीच राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट बघा. मग ब्रेक सोडून एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर किंवा पाट्यावर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते.

सैल बेअरिंगची आणखी एक खूण आहे. वळणात डिस्क तिरकी होऊन ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात, त्यामुळे वळण संपल्यावर पहिल्या दाबाला पेडल खोल जातं. लोक ब्रेकची हवा काढत बसतात आणि दुखणं हबमध्येच राहतं. असमान झिजलेला टायरही हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. अशा वेळी पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून बघावेत. आवाजाने जागा बदलली तर बेअरिंग निर्दोष.

‘नट अजून आवळ, आवाज बंद होईल.’ हा सल्ला सर्वांत महागात पडतो. पुष्कळ पिकअपच्या पुढच्या हबमध्ये टेपर रोलर बेअरिंगची जोडी असते. हेन्री टिमकेन यांनी 1898 मध्ये पेटंट घेतलेल्या या रचनेत तिरके रोलर गाडीचं वजनही पेलतात आणि वळणातला आडवा रेटाही. पण नट जास्त आवळला की रोलर तापतात, ग्रीस वितळतं आणि बेअरिंग जळतं. चाक फिरवत नट आवळून रोलर बसवायचे, मग नट सैल करून कंपनीने दिलेल्या मापावर आणायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. कप (बाहेरची कडी) जुना आणि कोन (रोलरसह आतली कडी) नवा, ही काटकसरही फुकाची: जुन्या कपावरचे ओरखडे नवे रोलर खातात. ग्रीस रोलरच्या फटींत नीट भरावं, सगळा हब चोंदून टाकायची गरज नसते.

दरवेळी काही झिजलेलंच असतं असंही नाही. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश आवाज सुरू झाला, तर डिस्क आणि मागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये खडा अडकलेला असू शकतो. कधी तो पत्राच वाकून डिस्कला घासतो. खर्च शून्य.

गाडी जागेवर उभी ठेवून, इंजिन चालू करून स्टेअरिंग फिरवल्यावर आवाज येतो का? येत असेल तर बेअरिंगचा विषय संपला, कारण चाक गरगरतच नाहीये. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल आणि बेल्ट बघा. पूर्ण वळवल्यावर येणारा घुंईं आवाज बहुधा पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हचा असतो आणि तो स्वाभाविक आहे. फक्त स्टेअरिंग तसं धरून ठेवू नका. ऑइल कमी आहे म्हणून हाताशी असलेलं ब्रेक ऑइल ओतणं म्हणजे सगळ्या सिलांचं वाटोळं.

आवाज मागून आणि सावकाश घेतलेल्या तीव्र वळणात येत असेल तर डिफरन्शिअल उघडावं लागेल. त्यातले छोटे स्पायडर गिअर सरळ रस्त्यावर स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाहीत. बाहेरचं चाक जास्त अंतर कापू लागलं की ते कामाला लागतात, म्हणून त्यांची झीज वळणातच ऐकू येते. आधी डिफरन्शिअलच्या ऑइलची पातळी बघा. चुंबकी ड्रेन प्लगवर करडा लगदा दिसला तर घाबरू नका, चमकणारे तुकडे निघाले तर मात्र गाडी चालवू नका.

हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाड्यांच्या फोर बाय फोर मालकांचा गैरसमज आणखी वेगळा: फोर व्हील चालू असलेली केव्हाही बरी. कोरड्या डांबरावर ती लावून वळलात, तर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि मधला जोड त्यांना तशी मुभा देत नाही. गाडी अडखळते, टायर घासतात, खालून कण्हल्यासारखा आवाज येतो. काही मोडलेलं नसतं. टू-एचवर, म्हणजे टू व्हीलवर या. फोर व्हील निघत नसेल तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, ताण सुटतो.