‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ आज टिकतो का?

मेटालिकाचा १९८८चा हा अल्बम पुन्हा ऐकला. थोडक्यात सांगायचं तर गाणी टिकलीत, मिक्स नाही.

१९८६मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात बासिस्ट क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात त्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही! गिटार कोरडी, ड्रमचे ठोके टकटकीत, खालचा भरणा गायब. २०१८च्या रीमास्टरमध्येही बास वर आणलेला नाही, तेव्हा त्याकडून फार अपेक्षा नको.

रचना मात्र जबरदस्त. ‘ब्लॅकन्ड’ची बदलती लय अजूनही चकवते. ‘वन’ संथ सुरू होतं आणि शेवटी डबल बास ड्रम मशीनगनसारखा सुटतो. युद्धात हातपाय, दृष्टी, वाचा सगळं गमावलेल्या सैनिकाची ती गोष्ट आजही अंगावर येते. ‘टू लिव्ह इज टू डाय’ ही बर्टनला वाहिलेली आदरांजली.

खटकतं ते शीर्षकगीत. पावणेदहा मिनिटं! रिफ भारी, पण फिरून फिरून तेच. दोन मिनिटं कापली असती तर गाणं जास्त धारदार झालं असतं.

नव्याने ऐकणाऱ्यांनी ‘वन’पासून सुरुवात करा. तुमच्या मते यातलं कुठलं गाणं जुनं झालंय?